दोरीपलीकडचा तवा

वस्तुसंग्रहालयाच्या मंडळातल्या सभ्य गृहस्थांनो, तुम्ही चोर आहात. गावात सगळे एकमेकांचे सोयरे, म्हणून कुणी तोंडावर म्हणत नाही. मी म्हणतो. आर्डिथ नीबुरचा बिडाचा तवा तुम्ही ढापलात, आणि चोरीपेक्षाही वाईट एक गोष्ट केलीत. तिच्याकडे येतोच.

तवा आर्डिथच्या आईचा. खोलगट, जड, वर्षानुवर्षं चरबी मुरून काळा कुळकुळीत झालेला. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरातल्या जेवणाला आर्डिथ त्यातून मक्याचा पाव घेऊन गेली आणि तवा तिथेच विसरली. आमच्याकडे तळघरात राहिलेलं भांडं बुडाला चिकटवलेल्या नावाच्या पट्टीवरून घरी परततं. आर्डिथची पट्टी ओव्हनमध्येच जळून गेली होती, त्यामुळे तवा परतलाच नाही.

या उन्हाळ्यात एके दिवशी तिची थोरली बहीण बर्नाडीन ओमाहा शहरातून जेवायला येणार होती. आईने तवा धाकटीला दिला, हे बर्नाडीनला अजून पचलं नव्हतं. तो हरवला असं कळलं असतं तर तिने जन्मभर ऐकवलं असतं. सकाळपासून आर्डिथच्या येरझारा पाहून तिचा नवरा लव्हर्न वैतागला.

"चल, म्युझियममध्ये बसू. एसी फुकट, कॉफी फुकट. बर्नाडीनलाही तिकडेच बोलावतो. तेवढीच वेळ टळेल."

म्युझियमात पहिल्या वसाहतकऱ्यांचं मातीच्या ढेकळांचं घर उभं केलंय. दोरीपलीकडे पलंग, शेगडी आणि झालरीची टोपी घातलेली पुतळ्याची बाई. शेगडीवर तवा. शेजारी पाटी: 'वसाहतकऱ्यांचा तवा, १८७२'.

"लव्हर्न! माझा तवा!"

"बिडाचे तवे सगळे सारखेच दिसतात गं."

"कडेचा टवका बघ!"

लव्हर्नने टवका ओळखला. कुंपणाचा खांब त्यानेच त्या तव्याने ठोकला होता आणि आळ बर्नाडीनवर घातला होता. "तुझाच आहे," तो पुटपुटला.

मंडळाचा अध्यक्ष एल्डन पॅन्टचे खांद्यावरचे पट्टे ताणत आला. "आर्डिथ, दोरीच्या आत आलेली वस्तू इतिहासाची. बाहेर काढायला ठराव लागतो. बैठक ऑक्टोबरात."

"अरे, गेल्या हिवाळ्यात यातला पाव तूच हादडलास की!"

"तेव्हा तो इतिहास नव्हता."

बाहेर बसचा भोंगा वाजला. आयोवातून निवृत्त मंडळींची सहल आली होती. एल्डन त्यांना आणायला धावला आणि आर्डिथने दोरी ओलांडली. तवा उचलून नाकाशी नेला. राखाडी पडला होता. कडेला गंज. आणि लिंबाचा वास!

"साबण!" ती किंचाळली. "लव्हर्न, यांनी साबण लावला रे याला! मुरलेली सगळी चरबी धुऊन काढली!"

"लोक आले! आधी बाहेर ये!"

बाहेर यायला वेळ कुठला? तिने पुतळ्याला पलंगाखाली ढकललं, त्याची टोपी आपल्या डोक्यावर ओढली आणि तवा छातीशी धरून उभी राहिली. मंडळी आत शिरली. एल्डनने आ वासला; पण पाहुण्यांसमोर बोलणार काय?

"अगंबाई, खरीखुरी बाई!" एक आजी हरखल्या. "काय हो, त्या काळी सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होता? टोळधाडीचा?"

"पुरुषांच्या बैठकांचा," आर्डिथ कडाडली.

हशा पिकला.

"आणि पलंगाखाली पाय कुणाचे?"

"नवऱ्याचे. काम सांगितलं की तिथेच जाऊन पडतो."

लव्हर्नने नकळत आपल्या बुटांकडे पाहिलं. टाळ्या पडल्या, दानपेटीत नोटा सरकल्या. एल्डनच्या चेहऱ्यावरचा राग पेटीकडे बघत बघत विरघळला.

"दर शनिवारी या इथेच असतात!" त्याने जाहीर करून टाकलं. ऑक्टोबरची बैठक तिथेच उरकली.

"ऐका हो!" आर्डिथने तवा उंच धरला. "हा तवा—"

"आईचा!" दारातून आवाज आला. बर्नाडीन. डोळ्यांत पाणी. ती गर्दीतून वाट काढत आली आणि दोरीवरूनच तिने बहिणीला मिठी मारली. "आईचा तवा सगळ्या गावासाठी देऊन टाकलास, आर्डी? आणि मी आयुष्यभर तुला कंजूष म्हणत आले!"

आर्डिथने उंच धरलेला तवा खाली घेतला. असं कौतुक बर्नाडीनच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिने लव्हर्नकडे पाहिलं, लव्हर्नने छताकडे. मग तिने हळूच तवा शेगडीवर ठेवला.

"आईचीच इच्छा होती," ती म्हणाली.

आता दर शनिवारी आर्डिथ टोपी घालून स्वतःच्याच तव्याला तेल चोळते आणि पाहायला आलेल्यांना त्यात पाव भाजून खाऊ घालते. तवा घरी येणार नाही, हे तिने गिळलंय. ठीक. चोरी तिने पचवली, मीही पचवतो.

पण मंडळींनो, साबण कुणी लावला? ठराव नको, ऑक्टोबर नको. नाव सांगा.