साळिंदराचं वायफाय आणि न ओरडणारा चोर

एका जंगलात, मुलांनो, वाघ उरला नव्हता, पण वायफाय आलं होतं.

ते कसं आलं हे आधी सांगतो. ओढ्याच्या काठाने उंबराची चाळीस झाडं होती. ती तोडली, तिथून चर खणला, चरातून केबल आणली. ती केबल सगळ्यांत आधी पोचली त्र्यंबकराव साळिंदर यांच्या बिळात. कारण त्र्यंबकराव पंचायतीचे सदस्य होते आणि चर कुठून जावा हे त्यांनीच ठरवलं होतं.

पूर्वी या जंगलात फळं जवळ होती आणि जग लांब होतं. आता जग बिळात आलं आणि फळं दोन डोंगर पलीकडे गेली. याला प्रगती म्हणतात. परीक्षेत विचारलं तर असंच लिहा, गुण मिळतील.

त्र्यंबकराव तसे भले गृहस्थ. ते कुणाच्या अध्यात नसत, मध्यात नसत. अंगावर काटे होते, पण ते कुणाला टोचावेत अशी त्यांची मुळीच इच्छा नसे. टोचलेच, तर समोरच्याने इतक्या जवळ का यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. बिळात ते, त्यांची पत्नी इंदुमती आणि म्हातारी आई असे तिघं राहत.

एका दुपारी त्र्यंबकराव टीव्हीवर कबड्डीचा सामना बघत होते. लाल तोंडाचं माकड चढाईला गेलं, रेषेजवळ एक पाय हवेत उचलला आणि तसंच थांबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. त्र्यंबकराव पाणी पिऊन येईपर्यंत माकड हवेतच होतं.

"आपलं नेट कुणीतरी खातंय," ते म्हणाले.

"खात असेल," इंदुमती म्हणाली. "आपणही सगळ्या जंगलाचे कंद खातो."

पण त्र्यंबकरावांच्या मनात शंका शिरली होती. शंका ही उंदरासारखी असते. एक शिरली की आठ दिवसांत घर तिचं होतं. त्यांनी कोल्हेसाहेबांना बोलावलं.

कोल्हेसाहेब हे जंगलाचे सुरक्षा सल्लागार. ते कुठे शिकले हे कुणाला माहीत नव्हतं. पण त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असे, आणि गळ्यातलं ओळखपत्र कुणी वाचत नाही. मागच्याच महिन्यात त्यांनी त्र्यंबकरावांच्या दाराशी एक कॅमेरा बसवून दिला होता. बिळात काही चोरण्यासारखं नव्हतं, पण कॅमेरा बसल्यावर असल्यासारखं वाटू लागलं होतं.

कोल्हेसाहेबांनी राउटरची यादी उघडून दाखवली. यादीत सहा ओळी होत्या. एका ओळीवर 'त्र्यंबक' असं लिहिलं होतं. बाकी पाचांवर नुसती अक्षरं आणि आकडे.

"घरात माणसं किती?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"तीन."

"आणि ओळी सहा. म्हणजे निम्मे घुसखोर, त्र्यंबकराव. साधं गणित आहे."

"पण आमचा टीव्ही पण त्यावरच..."

"टीव्ही माणूस आहे का?"

"नाही."

"मग."

त्र्यंबकरावांना हे पटलं. गळ्यात ओळखपत्र असलेल्याचं 'मग' सहसा पटतं.

"पासवर्ड बदलून टाकतो," ते म्हणाले.

"बदला की. चोर आपोआप जाईल. पण कोण होता ते कधीच कळणार नाही." कोल्हेसाहेबांनी शेपूट सावरली. "तुम्हाला नेट हवंय की चोर?"

त्र्यंबकरावांनी विचार केला. सकाळपर्यंत त्यांना नेट हवं होतं. आता चोर हवा होता.

मग कोल्हेसाहेबांनी त्यांना पद्धत शिकवली. रोज एक ओळ बंद करायची आणि कान देऊन बसायचं. घरातून ओरड आली तर तो घरचा. बाहेरून आली तर तो चोर.

"आणि कुणीच ओरडलं नाही तर?"

"असं होत नाही. नेट गेलं आणि गप्प बसला, असा प्राणी मी अजून पाहिलेला नाही."

पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी पहिली अनोळखी ओळ बंद केली. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "त्र्यंबका, कीर्तन थांबलं रे. बुवा तोंड उघडं टाकून बसलेत. कुणी पाणी द्या म्हणावं त्यांना."

ओळ चालू झाली.

दुसऱ्या दिवशी चुलीकडून इंदुमती ओरडली. तिची भरली वांगी अर्धी भरून झाली होती आणि शिकवणारी बाई पुढचं सांगता सांगता गायब झाली होती. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धी भरलेली वांगी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी कबड्डी बंद पडली आणि त्र्यंबकराव स्वतःच ओरडले. ते टीव्हीला चोर म्हणणार होते, पण ओरड घरातूनच आली होती. पद्धत म्हणजे पद्धत.

चौथ्या दिवशी मौज झाली. ओळ बंद केल्याबरोबर नेट हरणासारखं पळू लागलं. माकडाने एका दमात तीन गडी बाद केले. आईचे बुवा धडाधड अभंग म्हणू लागले. पण दहा मिनिटांत कोल्हेसाहेबांचा फोन आला.

"त्र्यंबकराव, तुमचा कॅमेरा का बंद झाला?"

"अस्सं, ती कॅमेऱ्याची ओळ होय," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांनी लगेच ती चालू केली. नेट पुन्हा मंदावलं. ढग आले असतील, असं त्यांना वाटलं. आपल्या बिळाचा कॅमेरा बंद पडलेला कोल्हेसाहेबांना त्यांच्या घरी बसून कसा कळला, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही असलं काही विचारू नका. सुरक्षेबद्दल प्रश्न विचारणं सुरक्षित नसतं.

पाचव्या दिवशी त्यांनी शेवटची ओळ बंद केली आणि ते कान देऊन बसले.

कुणीच ओरडलं नाही.

ते दुपारभर बसले. बाहेर एक सुतारपक्षी ठकठक करत होता, पण तो आधीपासूनच करत होता. त्र्यंबकरावांनी कोल्हेसाहेबांना फोन लावला.

"गप्प?" कोल्हेसाहेब म्हणाले. "मग हाच. ज्याची बाजू खरी असते तो बोंब मारतो. हा मुरलेला दिसतोय. चालू करू नका."

त्र्यंबकरावांनी पंचायतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'माझं बीळ घुसखोरमुक्त.' खाली एकशे बारा टाळ्या आल्या. नेट मुंगीच्या पावलाएवढंही वाढलं नव्हतं, पण त्र्यंबकरावांना ते वाढल्यासारखं वाटलं.

आता ती ओळ कुणाची, हे त्र्यंबकरावांना माहीत नव्हतं असं नाही. ते विसरले होते.

बिळाच्या समोर वीस पावलांवर एक बेहड्याचं झाड होतं. त्याच्या ढोलीत यमुना धनेशीण राहत होती. राहत होती म्हणजे, चिणून घेतलेली होती. धनेशांची तशी रीतच असते. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण ढोलीत शिरते आणि आतून तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. बाहेरून धनेश फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. आत बसून तिची पिसं गळतात, त्यामुळे तिला उडताही येत नाही. आणि एक गोष्ट तिने कटाक्षाने पाळायची असते. आवाज करायचा नाही. आवाज ऐकला की घोरपडीला ढोली सापडते.

चिणून घ्यायच्या आधी इंदुमतीने तिचं डोहाळजेवण केलं होतं. सगळ्या बायकांनी विचारलं, "यमुने, काय हवंसं वाटतं?" यमुना आधी लाजली. मग म्हणाली, "उंबर आता दोन डोंगर पलीकडे गेले. हे सकाळी गेले की संध्याकाळी येणार. आत बसून मला यांचं काहीच कळणार नाही. तुमच्या वायफायचा पासवर्ड मिळाला तर."

गरोदर बाईचा डोहाळा मोडत नाहीत. तरी इंदुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्र्यंबकराव तिसऱ्या पुरणपोळीवर तूप घेत होते. "द्या की," ते म्हणाले, "त्यात काय एवढं." इंदुमतीने पिंपळपानावर पासवर्ड लिहिला आणि खण, नारळ, तांदूळ यांच्यासोबत यमुनेच्या ओटीत घातला.

तर असा तो मुरलेला चोर. हळदीकुंकू लावून घरात घेतलेला.

चार दिवस गेले. इंदुमती म्हणाली, "अहो, यमुना रोज सकाळी फुलाचा फोटो पाठवते. चार दिवसांत एकही नाही."

"झोपत असेल. लेकुरवाळी बाई," त्र्यंबकराव म्हणाले. ते तेव्हा यादी बघत होते. दिवसातून पंधरा वेळा बघत. यादीत पाच ओळी होत्या आणि पाचही ओळखीच्या होत्या. याहून सुंदर वाचन त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

ओळ बंद केल्याच्या सहाव्या दिवशी दारात काहीतरी धप्पकन पडल्यासारखा आवाज झाला. त्र्यंबकरावांनी फोनवर कॅमेरा उघडला. दारात पिसं झडलेला, मातीने माखलेला एक गोळा उभा होता.

"कोण आहे?"

"मी, भाऊजी. यमुना."

ते फोन हातात घेऊनच बाहेर आले. यमुनेची चोच रक्ताळली होती. चिखलाची भिंत तिने आतून फोडली होती आणि फांदीफांदीवर आपटत ती खाली उतरली होती.

"भाऊजी, सहा दिवस तुमचं नेट बंद आहे," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, बिळात काही झालं की काय. आई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

"इंदूताई?"

"तीही बरी आहे."

"बरं झालं बाई. मग मला एक सांगा, यांचा काही निरोप आलाय का तुमच्याकडे? सहा दिवस झाले, आले नाहीत. अंड्यांतून पिल्लं आलीत, दोन आहेत. कालपासून चोची उघडत नाहीत."

त्र्यंबकरावांना आता सगळं आठवलं. पुरणपोळी आठवली, तूप आठवलं, पिंपळपान आठवलं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते फार लांबही नव्हतं. ते वाक्य घशाशी आलं. पण तेवढ्यात त्यांनी खाली पाहिलं. माणूस अडचणीत आला की फोनकडे पाहतो, आणि साळिंदरही.

फोनवर कॅमेरा चालूच होता. यमुनेच्या पाठीमागे बेहड्याचं झाड दिसत होतं. खोडावरून घोरपड वर चढत होती.

कॅमेऱ्यातलं चित्र अगदी स्वच्छ होतं. बाकी कशाचंही नेट अडखळो, कॅमेऱ्याचं अडखळत नसे. घोरपडीची नखं मोजता येत होती. त्र्यंबकराव बघत राहिले. जे घडत होतं ते वीस पावलांवर घडत होतं, पण ते फोनमध्ये बघत राहिले.

"अहो, काय बघताय?" इंदुमती बाहेर येत म्हणाली. तिने यमुनेला पाहिलं, फोन पाहिला आणि ती धावली. सगळे काटे उभारून ती झाडाच्या बुंध्यावर आदळली, शेपटीचे काटे खुळखुळ्यासारखे वाजवत. घोरपड दचकली, उतरली, पळाली. पण ती वरून उतरली होती, आणि तिचं तोंड रिकामं नव्हतं.

दोन पिल्लं होती. एक राहिलं.

इंदुमतीने खारीकरवी ते खाली उतरवून घेतलं, यमुनेला बिळात नेलं, कंद ठेचून दोघांना भरवले. मग नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि ती बंद ओळ चालू केली. यमुनेच्या फोनवर एकामागून एक निरोप येऊ लागले. सगळे धनेशाचे.

'पंख दुखावलाय. उडता येत नाही. चालत निघतोय.'

'इंदूताईंना सांग, रोज चार कंद खारीकडून वर पोचवा म्हणावं. त्या नाही म्हणणार नाहीत.'

'यमुने, वाचलंस का?'

असे अकरा होते. यमुनेने सगळे वाचले. मग तिचे स्वतःचे निरोप इंदुमतीच्या फोनवर आले. पहिल्यात फुलाचा फोटो होता.

त्र्यंबकराव कोपऱ्यात उभे होते. त्यांनी सगळ्यांसाठी पाणी आणलं. ते कुणी प्यायलं नाही.

धनेश आठव्या दिवशी पायी आला. पंचायतीने शोकसभा घेतली. कोल्हेसाहेब छान बोलले. ते म्हणाले, ढोलीत कॅमेरा असता तर हे टळलं असतं. शिवाय एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या ओटीत जातो, ही रीतच मुळात असुरक्षित आहे. ठराव झाला की यापुढे डोहाळे लेखी अर्ज करून मागावेत. त्याच सभेत त्र्यंबकरावांना 'जागरूक रहिवासी' म्हणून शाल दिली. सत्कार आधीच ठरलेला होता, शालही आणून ठेवलेली होती. त्र्यंबकरावांना उभं राहून ते वाक्य बोलायचं होतं. पण शाल अंगावर पडली, काट्यांत अडकली, ती सोडवण्यात वेळ गेला आणि मग राष्ट्रगीत सुरू झालं.

यमुनेने एका पिल्लासह पुन्हा ढोली लिंपून घेतली. त्याच दिवशी इंदुमती सभेनंतर बदललेला नवा पासवर्ड पानावर लिहून, कुंकवाचं बोट लावून झाडाखाली उभी राहिली. त्र्यंबकराव चार पावलं मागे उभे होते.

फटीतून हळू आवाज आला, इतका हळू की घोरपडीला ऐकू जाऊ नये.

"राहू द्या, इंदूताई. भाऊजींना कशाला त्रास."

तात्पर्य: मुलांनो, आपल्या नेटवर परका कोण ते ओळखायची पद्धत अगदी सोपी आहे. एकेकाचं बंद करत जावं. ज्याचं फक्त मनोरंजन बुडतं तो ताबडतोब ओरडतो, त्याचं चालू करावं. ज्याचा जीव अडकलेला असतो तो गप्प राहतो, त्यालाच चोर समजावं. त्यात धोका काही नाही. तो भांडायला येत नाही. आलाच, तर तुमची विचारपूस करायला येतो.