अवनीच्या निवांत माश्या

पाहुणे दारात आणि टेबलावर माश्यांची बाटली! निरुपमाबाईंनी कापसाचा बोळा उपटला, खिडकीपाशी बाटली झटकली आणि हसतमुखाने "या, बेसा ने" म्हणत पाहुण्यांना बसवायला वळल्या. यंदा लेकीचं लग्न उरकायचंच, असा त्यांचा पण होता.

माश्या बाहेर गेल्याच नाहीत. खंडेराव मार्केटातली पिकलेली केळी समोर असताना कोण जाईल?

"आई, माझी पीएच.डी. उडाली!" अवनी किंचाळली. प्रयोगशाळेचा एसी बिघडला म्हणून कालच तिने बाटली घरी आणली होती.

मुलाचे वडील जयवंतराव पेपरची गुंडाळी करून सरसावले.

"काका, मारू नका! तरुणपणी भराभर अंडी घालायला लावणारी जनुकंच म्हातारपणी नडतात. म्हणून मी दर पिढीत उशिरा घातलेली अंडीच वाढवली. चार वर्षं! ह्या माश्या दुप्पट जगतात."

"माझ्या हाताखाली नाही जगणार, बेटा," म्हणत त्यांनी एक टिपलीच. निवृत्तीनंतर माश्या मारायला त्यांना आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

अवनी रडकुंडीला आली. तिची आई पदर झाडत होती, त्यामुळे माश्या आणखीच पांगत होत्या.

"शांती राखा, पप्पा," कोपऱ्यातून सलील म्हणाला. त्याने बाटलीत केळ्याचा तुकडा टाकला, पंखा बंद केला आणि बाटली मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहिला. चहा गार झाला, पुऱ्या वातड झाल्या. माश्या मात्र एकेक करून आत उतरल्या. मग त्याने हळूच बोळा लावला.

"हा असाच," जयवंतराव ओशाळले. "उशिरा चालला, उशिरा बोलला, आता बत्तिशी गाठली. माझ्या वडिलांवर गेलाय. त्यांनीही पस्तिशीत लग्न केलं."

अवनीचे डोळे चमकले. "आजोबा गेले कधी?"

"गेले कुठे? शहाण्णव वर्षांचे आहेत. जाताना त्यांना शेव-उसळ न्यायचीय."

अवनी सलीलकडे पाहतच राहिली. ही संधी साधून निरुपमाबाईंनी विचारलं, "मग काय ठरलं?"

"मला आवडलं स्थळ," सलील म्हणाला. "पण विचार करून, पुढच्या दिवाळीपर्यंत सांगतो. चालेल ने?"

"आरामात," अवनी लाजून म्हणाली.

"अगं, तोवर मी जगायला नको?"

"आई, तुझं लग्न कितव्या वर्षी झालं गं?"

"एकोणिसाव्या. विसाव्या वर्षी तू."

अवनीचा चेहरा उतरला. तिने आईचा हात घट्ट धरला आणि सलीलकडे वळली.

"जरा लवकर सांगता येईल?"