लाल पंखाची गाडी

आप्पा भाटकरांची गाडी कुठली हे ज्याला ओळखता येई, त्याला त्यांच्या घरी नुसता चहा मिळे. ज्याला ओळखता येत नसे, त्याला चहाबरोबर आंब्याची वडी.

नवा माणूस दारात आला की आप्पा त्याला आधी घरात घेतच नसत. अंगणात गाडीपाशी उभं करत आणि हात मागे बांधून विचारत, "वळखा बगू, कुटली?" पाहुणा गाडीभोवती एक चक्कर मारी, खाली वाकून बघे, मग चाचरत विचारी, जपानी आहे का? जर्मन? आप्पा खुलत जात. पण एखादा चौकस निघाला आणि दाराच्या मुठीकडे बघून म्हणाला, की अहो, ही तर आपली नेहमीचीच छोटी गाडी, तर आप्पांचा चेहरा पडे. त्या रात्री ते जेवत नसत, असं त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, सांगायच्या. मला ती अतिशयोक्ती वाटायची. मग एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या भावाने रिक्षातून उतरायच्या आतच गाडी ओळखली, आणि आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी खरोखरच नेहमीची होती. पांढरी, छोटी, मागे डिकीचं शेपूट नसलेली. रत्नागिरीत तेव्हा ज्याच्याकडे म्हणून चारचाकी होती, त्याच्याकडे बहुतेक हीच असे. डॉक्टरांकडे ही, बागायतदाराकडे ही, आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाकडेही हीच. आप्पांनी ती १९९८ साली, निवृत्तीच्या वर्षी, जुनी विकत घेतली. पहिले काही महिने ती जशी होती तशी राहिली. तेवढाच काय तो तिचा सुखाचा काळ.

मी त्यांची शेजारीण. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे सगळी आळी मला बाई म्हणते, आप्पासुद्धा. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे आणि मला वह्या तपासायला त्या गडग्याजवळच बसायची सवय आहे. त्यामुळे पलीकडे जे काही चाले ते मला दिसे. म्हणजे असं मी समजत होते.

आप्पा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबाने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ ओढायची, हे त्यांचं जन्माचं काम. आपल्या मनाची एक रेघ जास्त ओढली तर मेमो. त्यातली बरीच वर्षं ते खात्याच्या अलोऱ्यातल्या वसाहतीत राहिले आणि तिथली घरंसुद्धा एकाच नकाशावरून उतरवलेली. एकदा दमूनभागून घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले, "वाढ गो" म्हणाले. भात-आमटी पानात पडल्यावर मान वर करून बघतात, तर वाढणारी बाई मागच्या ओळीतल्या कारकुनाची बायको.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"जेवलो. उटून जानं बरं दिसलं नसतं," आप्पा म्हणाले. "आमटी आमच्याहून बरी होती, पन ती गोष्ट येगळी."

तेव्हापासून दोन वस्तू सारख्या दिसलेल्या त्यांना खपत नसत. चांगल्या ओरिजिनल गाडीची ही दशा का करताय, असं मी एकदा न राहवून विचारलं, तर हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "ओरिजिनल म्हंजे काय ओ बाई? दुसऱ्यानं केल्यालं." या वाक्यावर मी आजही मनातल्या मनात वाद घालते आणि हरते.

सुरुवात शर्यतीच्या गाड्यांना मागे असतो तसल्या पंखाने झाली. इस्माईलभाई हे त्यांचे मिरकरवाड्यातले स्नेही, होड्यांना फायबर चढवायचं काम करणारे. आंब्याच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या जोडून आप्पांनी साचा केला आणि त्यावर इस्माईलभाईंकडून आणलेलं फायबर थरावर थर चढवलं. आठवडाभर आमच्या घरातल्या वरणभातालाही त्याचाच वास येत होता. जे तयार झालं ते गाडीच्या पाठीमागे, काचेच्या वरच्या अंगाला बसलं. आडवं, दोन्ही टोकांना वर वळलेलं, आणि लालभडक. लाल का, तर इस्माईलभाईंकडे होडीचा तोच रंग उरला होता, असं आप्पांनी मला सांगितलं. ते गाडी कधी सायकलच्या फारशी पुढे नेत नसत, तेव्हा या पंखाला वारा कुठे भेटणार होता कोण जाणे. इस्माईलभाई मात्र कामावर खूश होते. "मजबूत झालाय, आप्पा," ते म्हणाले. "गाडी बुडाली तरी हा वर ऱ्हायल."

पंखापाठोपाठ बाकीचं आलं. बॉनेटवर हवा घ्यायला म्हणून एक उंचवटा झाला, त्यातून हवा काही आत गेली नाही, पण आमची कोंबडी तिथे दुपारची बसू लागली. मडगार्डांवर सुरमईला असतात तसे कल्ले निघाले. बंपर दोनदा बदलला. चाकांवर चकचकीत झाकणं आली, आणि ती आली त्याच दिवशी सुमनवहिनींच्या पातेल्यांची झाकणं गेली. घरात चार माणसं जेवायला असली की वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारत, "दोन चाकं सोडवून द्या," आणि आप्पा निमूट पाना घेऊन बाहेर येत.

या सगळ्यावर भेगा बुजवायची लांबी भरणं, घासणं, रंग देणं, पुन्हा घासणं अखंड चालू. गाडी कधी पूर्ण झाली असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. "फिनिशिंग बाकी हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुढे पुढे ते कशालाही हेच म्हणू लागले. वहिनींच्या मोदकांना, नगरपालिकेच्या गटाराला, आणि एकदा माझ्या नव्या चष्म्याच्या फ्रेमलासुद्धा.

मांडवीच्या रस्त्याला एकदा एका हवालदाराने त्यांना अडवलं. गाडीकडे खालून वर बघत त्याने विचारलं, "कुठली ही?" दुसरा कोणी असता तर घाबरला असता. आप्पांना गहिवरून आलं. ते खाली उतरले, हवालदाराला कल्ले दाखवले, पंखावर टिचकी मारून दाखवली, टपरीवर नेऊन चहा पाजला. मग हवालदाराने कागद मागितले आणि वाचून म्हणाला, "अहो, ही तर साधी आपली तीच की." आप्पा दुखावले. "कागदावं जाव नका ओ," ते म्हणाले. "गाडीकडं बगा." हवालदाराने बघितलं आणि पुन्हा दिसू नका म्हणून सोडून दिलं. त्यानंतर आप्पा मुद्दाम दर आठवड्याला त्याच रस्त्याने जात.

हे सारं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात लग्नाची मुलगी होती. चारू एकुलती एक, शांत, हसऱ्या चेहऱ्याची. घरात जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेली असे. घरी गेलं की गप्पा मारायची, पण रस्त्यात समोरून आली तर ओळख दाखवायची नाही, याचा मला थोडा रागही होता. तिला बघायला चिपळूणची मंडळी आली ती गडग्यापर्यंतच आली. अंगणातली गाडी बघून थबकली आणि मलाच हळू आवाजात विचारलं, "मुलीच्या वडिलांची तब्येत बरी असते ना?" मी बरी असते म्हणाले, पण तोवर ती मंडळी रिक्षात बसली होती.

"तुमच्या त्या धुडापायी माजी पोर घरात ऱ्हायल," वहिनी त्या दिवशी म्हणाल्या. आप्पांच्या मनात वेगळंच होतं, आणि ते त्यांनी गडग्यावरून मला बरेचदा सांगितलं होतं. चारूला लग्नाच्या दिवशी कार्यालयात न्यायचं ते ह्याच गाडीतून, आणि स्टिअरिंगवर स्वतः बसून. बाकी मानपान, देणंघेणं, पंगत, कशाचीच त्यांना पडलेली नव्हती. एवढी एक गोष्ट त्यांना हवी होती.

मग राजापूरचं स्थळ आलं. मुलगा कृषी खात्यात, सालस. चारूला तो आवडला आणि त्याला चारू. सुपारी फुटली. निघताना मुलाचे मामा, पेशाने वकील, गाडीपाशी थांबले. "बाकी सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त ही गाडी कार्यालयाच्या दारात नको. आमच्याकडची चार मोठी माणसं येणार." मी गडग्याशी उभी होते. आता आप्पा ओरिजिनल म्हणजे काय ते यांना ऐकवणार, म्हणून मी तयारीत राहिले. आप्पांनी पंखावरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाले, "काडतो सगळं. साधी करतो."

त्यांनी ते केलंही, लग्नाच्या आदल्या दिवशी, चारू केळवणांना गेलेली असताना; ती परतली तोवर अंधार पडला होता. एकेक नट सोडवून कल्ले काढले, बॉनेटचा उंचवटा काढला, झाकणं धुऊन वहिनींना परत दिली. सगळ्यात शेवटी पंख काढला आणि जुन्या चादरीत गुंडाळून पडवीत ठेवला. भोकांत लांबी भरली, वरून पांढरा हात मारला. मला वाटलं होतं, मला हायसं वाटेल. प्रत्यक्षात त्या अंगणाकडे बघवेना. आप्पा काम संपवून पायरीवर बसले होते आणि गाडी शेजारच्या कुणाचीही असावी तशी उभी होती.

लग्नाच्या सकाळी आळीत तीन गाड्या लागल्या होत्या. मामांनी नवरीसाठी भाड्याने आणलेली, आमच्या डॉक्टरांची आणि आप्पांची. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही तीच. आप्पा नवं धोतर नेसून, उपरणं घेऊन आपल्या गाडीचं दार उघडून उभे होते.

चारू शालू नेसून बाहेर आली. फोटो चांगले यावेत म्हणून वहिनींनी तिचा चष्मा काढून ठेवला होता. पायरीवर थांबून तिने डोळे बारीक केले आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "ये मुली, इकडे," मामा पुढे होऊन म्हणाले. ती त्यांच्या आवाजाच्या दिशेने चालू लागली आणि आप्पांच्या अगदी समोरून, त्यांच्या गाडीला पदर घासत, पुढे गेली. उघडलेलं दार आप्पांनी हळूच लोटून घेतलं.

मामांच्या गाडीत वाकून बघितल्यावर चारू मागे सरली. "ही आपली नाय," ती म्हणाली. "बाबा, पंख कुटाय?"

"काडला गो बाय. आज साधीच बरी."

"मग मला कळनार कशी?"

तिने हे तक्रारीने विचारलं नाही, साधं विचारलं. मला काही उमजेना. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुमनवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "चष्म्यावरनं पोरं चिडवायची, म्हनून भायेर लावायचीच नाय," त्या पुटपुटल्या. "एकदा कॉलेज सुटल्यावं स्टँडवं ह्यांची गाडी समजून परक्याच्याच गाडीत जाऊन बसली. रडत घरी आली. त्याच आठवड्यात ह्यांनी तो पंख केला, लांबनं दिसंल असा लाल. कुनाला सांगू नको बोलले, पोरीला कमीपना वाटंल." मग नाक पुसून म्हणाल्या, "बाकीची थेरं मातर त्यांची सोताची."

म्हणजे होडीचा उरलेला रंग ही थाप होती, आणि इतकी वर्षं गडग्याशी बसून मला काहीच दिसलं नव्हतं. मला आप्पांविषयी फार माया दाटून आली.

"लावा, बाबा," चारू म्हणाली. "मी थांबते."

"अहो, मुहूर्त आहे," मामा म्हणाले.

"मुहूर्ताला येळ हाय, मामा," चारू त्याच शांत आवाजात म्हणाली, आणि धोतराचा सोगा खोचून आप्पा पडवीकडे धावले.

भोकांतली लांबी अजून पुरती सुकली नव्हती, स्क्रूड्रायव्हरने ढकलल्यावर निघाली. पंख धरायला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरलं. दुसऱ्यासाठी मामांनी आजूबाजूला बघितलं, कोणी पुढे येत नाही म्हटल्यावर कोटाची बाही वर केली आणि स्वतःच येऊन धरलं. थोड्या वेळाने त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "याची वरची बाजू कुठली?"

"वळल्याली टोकं वर, वकीलसायेब," आप्पा म्हणाले. आवाजात त्यांची जुनी ऐट होती.

एकेक बोल्ट बसत गेला. शेवटचा मात्र बसेना. आप्पा तो फिरवत, सैल करत, काढत, पुसत, पुन्हा लावत. आटे गेले असतील म्हणून मी वाकून बघितलं. आटे चांगले होते. बोल्ट अर्धा आत जात होता आणि आप्पा तो आपल्या हाताने अर्धा मागे फिरवत होते. तो बोल्ट घट्ट बसला की त्यांना स्टिअरिंगवर बसावं लागणार होतं, आणि मुलीला पोचवून परत येताना गाडीत ती असणार नव्हती.

मामा काही बोलणार होते, मी त्यांना मानेने नको म्हटलं. चारू गाडीच्या मागे आली. तिने पंखावर हात ठेवला आणि वडिलांच्या अगदी जवळ उभी राहिली.

"सावकाश करा, बाबा," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. बोल्ट पूर्ण काढला, नव्या उपरण्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला.