डॉक्टर एकमताने आले, की एका मताने?

दातांचे डॉक्टर सोसायटीच्या सभेतून घरी आले ते दोन-दोन पायऱ्या एकदम चढत!

"अध्यक्ष झालो! एकमताने!"

बायकोने घरघरता मिक्सर बंद केला. "एका मताने? अगं बाई, थोडक्यात वाचलात की!"

"एका नव्हे गं, एकमताने! सगळ्यांनी हात वर केले. विरोधात चिटपाखरूही नव्हतं!"

पण तोवर तिने तळमजल्यावर राहणाऱ्या जावेला फोन लावलाही होता. चहा निवायच्या आत बातमी गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढली: डॉक्टर आले, पण कसेबसे!

संध्याकाळी वकीलसाहेब दारात हजर. आवाज खाली आणून म्हणाले, "ते एक मत माझं होतं बरं का! बोलून दाखवायचा आपला स्वभाव नाही. फाटकाजवळची गाडीची जागा तेवढी बघा."

ते वळतात न वळतात तोच शेजारचे आजोबा. "मत माझं होतं! आमच्या मोरीचा पाइप तुंबलाय." मग गाण्याच्या बाई. "मी हात वर केला नसता तर? क्लासला गच्ची हवी."

डॉक्टर घसा फोडून खरा अर्थ सांगत. लोक त्यांच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत. "मनाला लावून घेऊ नका हो. एका मताचा असला तरी अध्यक्ष तो अध्यक्षच!" सख्ख्या धाकट्या भावाने जिन्यात पाठ थोपटली. "दादा, ते मत घरचंच होतं हं!"

आता मात्र हद्द झाली! डॉक्टरांनी सभाच बोलावली. काखोटीला शब्दकोश!

"ऐका! एकमताने म्हणजे सगळ्यांचं मत एकच!"

"कोश जुना झाला," वकीलसाहेब म्हणाले. "इमारतीला कळला तोच अर्थ. एकमताने म्हणजे एका मताने! घ्या मतं!"

फाटकाच्या रंगावरून दोन वर्षं एकमेकांकडे न बघणाऱ्या माणसांनी भराभर हात वर केले. बायकोनेसुद्धा!

"विरोधात?"

डॉक्टरांचा एकुलता एक हात वर गेला. बायकोने बाही ओढली. "घ्या ना खाली! कधी नव्हे ते सगळ्यांचं जमलंय."

डॉक्टरांनी सभेवर नजर फिरवली. खरंच, सगळे कसे खुशीत होते! त्यांनाही हसू फुटलं. हात हळूच खाली आला.

"ठराव मंजूर!" वकीलसाहेब गरजले. "एकमताने!"

टाळ्या थांबल्यावर आजोबांनी डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं.

"म्हणजे नक्की किती मतांनी हो?"