दत्तोबांची हत्यारपेटी

ओवी, निहार, काल व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे बसून थालीपिठाची जाडी मोजणारे आजोबा कोण, असं तुम्ही विचारलंत आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. म्हणून सविस्तर लिहिते.

ते आपले मोशीचे शेजारी, दत्तोबा. आयुष्यभर कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर असतो, म्हणजे केसाचीही जाडी सांगणारी मोजपट्टी. "कडंला तीन, मधी साडेपाच. वैनी, पीस रिजेक्ट," म्हणतात आणि चार थालीपिठं संपवतात.

निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या छोट्या वर्कशॉपसाठी सागवानी हत्यारपेटी केली. चार खण, खिळा एकही नाही. कोपरे दातात दात अडकवून जोडलेले. प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची खाच. भर उन्हाळ्यात खण असे बसवले, की फटीत कागद जाईना. येणाऱ्याजाणाऱ्याला कागद देऊन म्हणायचे, "घालून दाखवा की राव."

आषाढात चारही खण गच्च आवळले. आळंदीहून सुतार आला, पेटीभोवती फिरला आणि हसला.

"आबा, लोखंड पाणी पीत न्हाई, लाकूड पितं. आता मागची फळी फोडावी लागंल."

"हात लावू नको."

"मग पान्हं नवं घ्या."

"पान्हं मिळतील. खालच्या खणातलं न्हाई मिळायचं. ठोकाठोकीत मोडलं तर?"

लाकूड सुकावं म्हणून पेटीजवळ त्यांनी पिवळा बल्ब लावला आणि आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे शेजारी बसून राहिले. मी डबा नेऊन द्यायची. तो न मोजताच खायचे.

नवव्या दिवशी हाक आली, "वैनी, या." वरचे तीन खण निघाले होते. चौथा त्यांनी माझ्यासमोर हलक्या हाताने ओढला. आत हत्यार नव्हतं. मखमल लावलेल्या खाचांमध्ये शिवणाची कात्री, टेप आणि बॉबिनची डबी होती. त्यांची बायको मंगल त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. माझे ब्लाउज तीच शिवायची.

"ती म्हनायची, शिवताना आत थोडा दाब सोडावा, जादा कापड; मानूस अंगानं भरतं," दत्तोबा म्हणाले. "मी हसायचो. म्हनायचो, माप म्हंजे माप."

मग त्यांनी रंधा उचलला आणि प्रत्येक खणाची कड थोडी थोडी तासली.

पेटी अजून वर्कशॉपमध्ये आहे. खालचा खण भर पावसातही एका बोटाने उघडतो.