लीला-शालिनी विलीनीकरण

मुलाच्या पैशानं लंडनला जायचं नाही, हे मी वरणाला फोडणी देता देता ठरवलं. लेकीनं बोलावलं होतं, मुलगा तिकिटं काढायला तयार होता. पण आमच्या जाऊबाई, विजयाबाई, अशाच मुलाच्या तिकिटावर जाऊन आल्या आणि वर्षभर इथल्याच, ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरातल्या घरून फोन करून सांगत राहिल्या, "शालिनी, विमानात गुडघे काय दुमडले गं माझे." शेवटी त्यांच्याच घरच्या हळदीकुंकवात, सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं, "मी जाईन ती माझ्या पॉइंटांवर. आणि आडवी होऊन जाईन." (माझं तोंड माझ्या आधी पोचतं.)

पॉइंट म्हणजे विमानकंपनीचे. कार्डानं खर्च केला की साठतात, भरपूर साठले की तिकीट मिळतं. शाळा माझी चौथीत सुटली. इंग्रजी मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले आणि पॉइंटांची विद्या मोबाइलवरून, एकटीनं. मग मी आमच्या छावणी मोहल्ल्यात कुणालाही आपला खर्च आपण करू दिला नाही. कुणाचा फ्रिज, कुणाच्या पोरीच्या लग्नाचा मंडप, शेजारच्या सूर्याजीच्या म्हशीचा विमासुद्धा. "पैसे मला द्या, कार्ड माझं घासा." मला येताना पाहून लोक दुकानाच्या मागच्या दारानं निघू लागले.

कार्डं माझ्याकडे दोन, विमानकंपन्याही दोन. एक खातं शालिनीचं, पासपोर्टावरच्या नावाचं. दुसरं लीलाचं. लीला म्हणजेही मीच. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं आणि किला गेटच्या भोइट्यांची लीला छावणीतल्या सावंतांची शालिनी झाली. पण लग्नाआधी बाबांनी उघडून दिलेल्या बँकखात्यात मी सासरचं नाव शिरू दिलं नाही, म्हणून त्याचं कार्डही लीलाचंच. मॅनेजर बदलत गेले, मी नाही.

शालिनीच्या पॉइंटांत आम्हा नवराबायकोची साधी तिकिटं निघाली. त्यात लीलाचे पॉइंट घातले की एक पलंगवाली सीट मिळणार होती. ती कुणाची, हे सांगायला नको.

तेवढ्यात बातमी आली की दोन्ही विमानकंपन्या एक होताहेत. खाती जोडून घ्या, नाही तर जुन्या कंपनीचे पॉइंट बुडतील. जुनी कंपनी म्हणजे लीलाची. मी घाबरले नाही. मी आमचं मध्यभारत राज्य मध्यप्रदेशात गेलेलं पाहिलं आहे. तेव्हा ग्वाल्हेरला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तू तीच कशावरून.

मला विचारलं.

"मैडम, लीलाजी आपकी कौन लगती हैं?" फोनवरची मुलगी म्हणाली.

"कोई नहीं लगतीं. मैं ही हूँ."

"तो शालिनीजी को फोन दीजिए."

"वो भी मैं हूँ."

बराच वेळ तिकडून नुसती धून वाजली. मग तिनं विचारलं, "घर में और कोई हैं?"

मी फोन ह्यांच्या, म्हणजे महिपतरावांच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला.

"सर, शालिनीजी कौन हैं?"

"हमारी पत्नी."

"और लीलाजी को आप जानते हैं?"

"शादी से पहले एक बार देखा था," हे म्हणाले. "बड़ी शांत लगी थीं."

मी फोन काढून घेतला. मुलगी आता सुतकाच्या घरी बोलतात तशी हळू बोलत होती. एका बाईचे पॉइंट दुसऱ्या बाईच्या खात्यात घालायला एकच वाट आहे म्हणाली, लीलाजींच्या मृत्यूचा दाखला.

"देऊन टाक," हे म्हणाले. "तेराव्याचं गोड तरी मिळेल. एरवी तू साखर कुलपात ठेवतेस."

"पलंगासाठी मी बाबांच्या लेकीला मारणार नाही," मी ह्यांना सांगितलं, आणि तेच फोनवर हिंदीत, जरा चढ्या आवाजात. "लीला ज़िंदा है. अपने पाँव पर खड़ी है. सामने आओ तो दिखाऊँ."

"ज़िंदा हैं," मुलगी घाईघाईनं म्हणाली, "तो किसी घरवाले को सीट दिला सकती हैं. बस रिश्ते का सबूत चाहिए."

एवढंच ना. मी ट्रंक उपसली. लग्नपत्रिका पिवळी पडली होती, पण 'चि. सौ. कां. लीला' अक्षर न अक्षर शाबूत. फोटो काढून मीच पाठवला. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. मी आधी विजयाबाईंना फोन लावला. "मिळाली हो पलंगाची सीट." त्यांनी फोनच ठेवून दिला. असं सुख मला लग्नानंतर क्वचितच मिळालं आहे.

मग मी मंजुरी वाचली. (आधी वाचायची असते, ठाऊक आहे मला.) त्या पत्रिकेवरून लीलाचं नातं एकाच माणसाशी सिद्ध होत होतं. चि. महिपतराव.

दिल्लीहून विमान उडालं तेव्हा हे पडद्यापलीकडे पलंगावर होते आणि मी अलीकडे, गुडघे हनुवटीशी घेऊन. मान मात्र ताठ होती, कारण वाकवायला जागाच नव्हती. तरी सांगते, अख्ख्या विमानात स्वतःच्या कर्तबगारीवर नवऱ्याला झोपवून नेणारी बाई मी एकटी.

जेवणं झाल्यावर हवाईसुंदरी एक गुबगुबीत उशी घेऊन आली. "माँजी, आगे वाले सर ने भेजी है."

"कैसे हैं वो?"

"बड़े आराम से. बता रहे थे, सीट उनकी पहली पत्नी ने दिलवाई है." मग ती वाकली, माझ्या हातावर हात ठेवला आणि कुजबुजली, "आप दिल पे मत लेना, माँजी. पहली वाली की बात ही कुछ और होती है."

लीलाला फार बरं वाटलं. उशी मात्र शालिनीनं ठेवून घेतली.