दानियल मास्तरांची चादर

माझ्या दुकानाबाहेरच्या प्लास्टिकच्या पुतळ्याचा सदरा उतरवला, की समोरचे दानियल मास्तर शिलाई मशीन तसंच सोडून चादर घेऊन धावत येतात. जुन्नरच्या भर बाजारपेठेत, मोटारसायकलींचे हॉर्न अंगावर घेत, साठी ओलांडलेला हा शिंपी पुतळ्यापुढे चादर धरून उभा राहतो. नवा सदरा चढेपर्यंत हलत नाही.

पहिल्यांदा मी भडकलो होतो. "मास्तर, प्लास्टिक आहे ते!"

"प्लास्टिकचं असंल, शेठ. पण रूप कुणाचं घेतलंय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मास्तर ख्रिस्ती. देवानं माणूस स्वतःच्या रूपाचा घडवला, असं त्यांच्या शास्त्रात आहे. अनेकांच्या शास्त्रात अनेक गोष्टी असतात. पण त्या दुकानाच्या वेळेत पाळणारा माणूस मी हा एकच पाहिला. हल्ली पुतळ्याला हात लावण्याआधी मीच हाक मारतो, "मास्तर, चादर!" भांडणापेक्षा चादर स्वस्त पडते.

भांडण मात्र आमचं आहे, आणि ते मी विसरलेलो नाही. एका शाळेच्या युनिफॉर्मचं काम मी मुख्याध्यापकांशी दोन महिने घासाघीस करून मिळवलं होतं. कापड माझं, शिलाई मास्तरांची. लहान, मध्यम, मोठा, असे तीन साइज. मास्तर म्हणाले, "प्रत्येक पोराचं माप घेणार."

"अहो, पोरं आहेत ती, नवरदेव नाहीत!"

"देवानं तीन साइजमधी माणसं काढली असती, तर मी बी तसंच शिवलं असतं."

आणि गेले खरंच शाळेत टेप घेऊन! दोन दिवसांत दीड वर्ग झाला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि काम नारायणगावच्या माणसाला दिलं. मी आठ दिवस मास्तरांशी बोललो नाही. वर्षभर त्या शाळेची पोरं ढगळ खाकी पँट धरत बाजारातून जायची आणि मास्तर माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. त्याचा मला जास्त राग यायचा.

पण शिवणं पाहावं तर मास्तरांचं. डिंगोऱ्याचा एकजण आंब्यावरून पडून पाठीतून वाकला होता. माझ्याकडचे सात सदरे अंगात घातले, एक बसेना. मी वैतागून म्हणालो, "वाकड्या अंगाला सदरा नीट कसा बसंल?" मास्तरांनी समोरून ऐकलं. आले, त्याचा हात धरला.

"अंग वाकडं नाय, भाऊ. कापड सरळ असतं. ते बिचारं काय करणार? त्याला आपण शिकवायचं."

चार दिवसांनी तो माणूस सदरा घालून माझ्याच आरशासमोर दहा मिनिटं उभा होता. आरसा अडला म्हणून दुसरं गिऱ्हाईक निघून गेलं, तरी मला त्याला हटकवेना.

माझाही उजवा खांदा उतरलेला आहे. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहून दुकान उभं केलं, त्याची खूण. मुलीच्या लग्नात कोट शिवताना मी मास्तरांना म्हटलं, "आत भर घाला, दोन्ही खांदे सारखे दिसू द्या."

"नाय घालणार. या खांद्यावर तुमचं दुकान उभं आहे, शेठ. लपवायला ती चोरी आहे का?"

मी तावातावानं बाहेर पडलो. कोट मात्र तोच घातला. व्याही म्हणाले, "रुबाबदार दिसता राव."

आता गंमत अशी, की साऱ्या तालुक्याचे कपडे नीट बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा शर्ट पाहवत नाही. मागून वर चढलेला, पुढून लोंबणारा. दिव्याखाली अंधार, असं म्हणून आम्ही सगळे हसायचो. मीही.

गेल्या महिन्यात त्यांच्या चर्चचे पाळक आले. "मास्तर, रविवारी पुढं येऊन वाचन तुम्ही करायचं. उत्पत्तीचा पहिला अध्याय आहे, देवानं माणूस घडवला तो, तुमचा आवडता."

"मला नका सांगू. आवाज बसलाय."

पाळक गेले. मी रस्ता ओलांडला. "आवाज बसलाय? आत्ता चहावाल्याला पार पेठेच्या टोकाला हाक मारली ती कुणी?"

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "पुढं जाताना पाठ दिसती, शेठ. मागच्या खेपेला पोरं हसली. मशीनवर बसून बसून वाकलीय ती."

"मग नीट शर्ट शिवा की! टेलर आहात ना?"

"आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाय. बायको घ्यायची, सुशीला. ती जाऊन नऊ वर्षं झाली. तवाच्या मापावरच शिवतो."

"कुणाला तरी सांगायचं मग!"

"माझ्याकडं माणसं माप द्यायला येतात, शेठ. घ्यायला कोण येतं?"

मला राग आला. कुणाचा, ते कळलं नाही. त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "उभे राहा."

मानेच्या हाडापासून, पाठीच्या बाकावरून, कंबरेपर्यंत. गोण्या उचललेले माझे हात. टेप नीट धरता येईना. "साडेएकोणीस इंच."

"मापाच्या वहीत साडेसतरा आहे. चुकलं असंल. परत घ्या."

पुन्हा साडेएकोणीस. मोजण्यात मी कधी चुकत नाही, हे मास्तरांना ठाऊक आहे.

"आणखी एकदा घ्या, शेठ."

मी टेप पुन्हा मानेवर ठेवला आणि या वेळी सावकाश, तळहातानं दाबत, खालपर्यंत नेला. मास्तरांनी डोळे मिटले होते.

मग त्यांनी वही ओढली, नव्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "पाळकांना फोन लावा. म्हणावं, आवाज सुटला."